एका नटाची दर्यावर्दी कादंबरी

जीन हॅकमन हा अमेरिकन चित्रपट-अभिनेता फेब्रुवारी २०२५मध्ये वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी निवर्तला. त्याच्यावरील मृत्युलेखांत १९७१चा ‘द फ्रेंच कनेक्शन’ आणि १९९२चा ‘अनफरगिव्हन’ या चित्रपटांचा व त्यांसाठी मिळालेल्या दोन ऑस्कर पुरस्कारांचा उल्लेख येणे स्वाभाविकच होते. बहुतेक लेखांच्या शेवटच्या परिच्छेदात मात्र आणखी एक वाक्य असे : अभिनयातून निवृत्त झाल्यावर त्याने कादंबरीलेखनात मन रमवले. ‘मन रमवले’ या क्रियापदात जो सौम्य उपहास आहे तो मला वाचताक्षणी ओळखता आला, कारण तो माझाही होता. त्याच्या पाच कादंबऱ्यांपैकी पहिली, ‘वेक ऑफ द पर्डिडो स्टार’, कित्येक वर्षे माझ्या कपाटात पडून होती. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर दुसऱ्या एका पुस्तकासाठी घासाघीस करताना विक्रेत्याने ती ‘वर’ म्हणून दिली होती. मी ती नाकारली नाही, इतकाच माझा तिच्याशी संबंध. घरी आल्यावर मुखपृष्ठावरचे नटाचे नाव पाहिले आणि पुस्तक मागच्या रांगेत सरकवले.

या कृतीविषयी थोडे तपशिलाने लिहिणे मला आवश्यक वाटते. पदव्युत्तर वर्गाला साहित्यसिद्धान्त शिकवताना मी दरवर्षी बार्थचा लेखकाच्या मृत्यूविषयीचा निबंध शिकवते, त्यापाठोपाठ फूकोचे १९६९चे ‘लेखक म्हणजे काय’ हे व्याख्यान शिकवते. लेखकाचे नाव हे केवळ एका व्यक्तीचे नाव नसून संहितांचे वर्गीकरण करणारे, त्यांना एक दर्जा बहाल करणारे कार्य आहे, हे विद्यार्थ्यांना पटवून देण्यासाठी मी फळ्यावर दोन वर्तुळे काढते. झेनेतने १९८७ साली मुखपृष्ठ, शीर्षक, प्रस्तावना, मलपृष्ठावरील मजकूर यांना संहितेचा उंबरठा मानून त्यांची जी चिकित्सा केली, तीही सांगते. इतके सगळे सांगणाऱ्या बाईने एका पुस्तकाच्या उंबरठ्यावरूनच परत फिरावे, आणि त्यात आपण काही सैद्धान्तिक चूक करीत आहोत असे तिच्या मनातही येऊ नये, ही गोष्ट गमतीची खरी. पण केवळ गमतीची नाही. प्रसिद्ध व्यक्तीचे नाव पाहून पुस्तक विकत घेणारा वाचक आणि तेच नाव पाहून ते बाजूला टाकणारी समीक्षक, दोघेही एकच गोष्ट वाचत असतात. फरक एवढाच की पहिल्याला आपण भोळा म्हणतो.

अर्थात या संशयाला आधार नसतो असे नव्हे. क्रीडापटू, नट, राजकारणी यांच्या नावावर निघणाऱ्या पुस्तकांमागे पगारी लेखक असतो, हे आता कोणापासून लपलेले नाही. एका क्षेत्रात साठवलेली प्रतिष्ठा दुसऱ्या क्षेत्रात वटवण्याचा हा व्यवहार बुर्द्यूच्या परिभाषेत सहज मांडता येतो. मार्लन ब्रँडोच्या नावावरील ‘फॅन-टॅन’ ही चिनी समुद्रावरील चाच्यांची कादंबरी २००५ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ब्रँडो आणि त्याचा सहलेखक डॉनल्ड कॅमेल हे दोघेही हयात नव्हते. तिला आकार दिला तो संपादकाने. अशा ठिकाणी ‘लेखक’ या संज्ञेचे काय करायचे हा प्रश्नच आहे. हॅकमनच्या कादंबरीत निदान तेवढी लपवाछपवी नाही. १९९९च्या या पुस्तकावर दुसरे नाव उघडपणे छापलेले आहे : डॅनियल लेनिहान. हे नाव मला अपरिचित होते, आणि ज्यामुळे मी पुढे वाचत गेले ते कारण या दुसऱ्या नावातच होते, असे मागाहून ध्यानात आले.

शीर्षकापासून सुरुवात केली. ‘पर्डिडो’ हा स्पॅनिश शब्द, अर्थ हरवलेला. ‘वेक’ म्हणजे जहाज पुढे गेल्यावर मागे पाण्यावर काही काळ दिसत राहणारा पट्टा. पण आयरिश लोकांत ‘वेक’ म्हणजे मृताच्या शवाजवळ केलेले जागरणही. नायकाचे आडनाव ओरायली आहे आणि त्याचे आईवडील कथेच्या प्रारंभीच मारले जाणार आहेत, हे लक्षात आल्यावर शीर्षकातील श्लेष निव्वळ योगायोगाचा नसावा असे वाटते. फावल्या वेळात मन रमवणाऱ्या लेखकाकडून मी एवढीही अपेक्षा ठेवली नव्हती.

कथा १८०५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सेलम बंदरात सुरू होते. सतरा वर्षांचा जॅक आईवडिलांबरोबर ‘पर्डिडो स्टार’ या व्यापारी जहाजाने क्यूबाकडे निघतो. आईच्या माहेरच्या मालमत्तेचा तेथे काही हक्क आहे. क्यूबात एका उमरावाच्या हातून आईवडिलांचा घात होतो. पोरका जॅक जीव वाचवून त्याच जहाजाचा आश्रय घेतो. जहाज दूर प्रशांत महासागरात जाऊन फुटते. आणि मग सूडाची वाट पाहत घडत जाणारे एक दीर्घ, खडतर शिक्षण. आराखडा म्हणून यात नवे काहीही नाही. अनाथ मुलगा, हिरावलेला वारसा, नौकाभंग, बेट, चाचे, सूड – साहसकथेच्या कोठारातील सगळी भांडी येथे मांडलेली आहेत. कॉवेल्टीने १९७६च्या आपल्या ग्रंथात साहसकथा, रहस्यकथा आणि प्रणयकथा यांच्या ठरीव साच्यांचा विचार करताना साचा हा दोष न मानता वाचक व लेखक यांच्यातील एक पूर्वसंमती मानले, ते मला मान्य आहे. साच्याला जाता जाता मान्यता देणे सोपे असते. त्यात रमणे अवघड जाते.

सेलमच्या निवडीने मी पहिल्यांदा सावध झाले. सामान्य वाचकाला सेलम म्हटले की १६९२चे चेटकिणींचे खटले आठवतात. पण १८०५चे सेलम हे वेगळे गाव आहे : सुमात्राच्या मिऱ्यांवर, चिनी चहावर आणि हिंदुस्थानी कापडावर श्रीमंत झालेले बंदर. केप ऑफ गुड होप वा केप हॉर्न ओलांडून गेलेल्या कप्तानांनी आणि मालाच्या मुनिमांनी १७९९ साली तेथे ‘ईस्ट इंडिया मरीन सोसायटी’ स्थापन केली आणि देशोदेशीच्या वस्तूंचे संग्रहालय उभारले. त्या संग्रहालयात मुंबईच्या नसरवानजी माणकजी वाडिया या पारशी व्यापाऱ्याची आठवणही जपलेली होती. सेलमच्या जहाजांचे मुंबईतील काम तो पाहत असे. १८०७ अखेरच्या व्यापारबंदीच्या कायद्याने या बंदराच्या भरभराटीला जबरदस्त तडाखा बसला. म्हणजे जॅकचे जहाज हाकारले जाते ते ऐन भरतीच्या, पण ओहोटी फार दूर नसलेल्या क्षणी. आणि त्या वर्षी त्या गावात एक वर्षाचे एक मूल होते, नॅथानिएल हॉथॉर्न नावाचे, ज्याचा बाप जहाजाचा कप्तान होता आणि १८०८ साली सुरिनाममध्ये मरणार होता. याच हॉथॉर्नला मेल्व्हिलने पुढे १८५१ साली ‘मोबी-डिक’ अर्पण केली. हे सगळे कादंबरीत आहे असे मी म्हणत नाही. कादंबरीने जी तारीख आणि जे स्थळ निवडले त्याच्या पोटात हे आहे, आणि निवड करणाऱ्याला इतिहासाचा वास होता, एवढेच मला म्हणायचे आहे.

पुस्तकाने माझी पकड घेतली ती मात्र जहाज फुटल्यानंतर. नौकाभंग हा साहसकथेत साधारणपणे एक बिजागरी असतो. जहाज बुडते, माणसे किनाऱ्याला लागतात, बेटाची गोष्ट सुरू होते आणि जहाज विसरले जाते. डीफोने १७१९ साली असे केले नाही, हे येथे आठवावे. क्रूसो फुटलेल्या जहाजाकडे पुन्हा पुन्हा पोहत जातो आणि एकेक वस्तू तराफ्यावर लादून आणतो. त्या कादंबरीचे वास्तव त्या फेऱ्यांत आहे. पण क्रूसोचे जहाज पाण्याच्या वर अडकलेले असते. हॅकमन-लेनिहान यांचे जहाज पाण्याखाली आहे, आणि जगायचे तर त्यातील सामग्री वर काढणे भाग आहे. मग हाताशी असलेल्या वस्तूंतून पाण्याखाली उतरण्याचे साधन जुळवणे, श्वास किती वेळ पुरेल याचा हिशेब, खालच्या अंधारात बोटांनी लाकूड ओळखणे, या गोष्टींना कथेच्या मध्यभागी जागा मिळते. येथे मारामारी नाही, सूड नाही, प्रेम नाही. काम आहे. आणि मी, जिला पोहताही येत नाही, ती रात्री दोन वाजेपर्यंत ते काम पाहत बसले होते.

डॅनियल लेनिहान कोण, याचा शोध मी त्यानंतर घेतला. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेत बुडालेल्या सांस्कृतिक ठेव्याचा अभ्यास करणारे जे पथक १९८०मध्ये उभे राहिले, त्याचा तो प्रमुख. पर्ल हार्बरच्या तळाशी असलेल्या ‘ॲरिझोना’ या युद्धनौकेची पाहणी करणाऱ्यांचा अग्रणी. हॅकमनप्रमाणे तोही न्यू मेक्सिकोतील सांता फेचा रहिवासी, म्हणजे समुद्रापासून शेकडो मैलांवरच्या वाळवंटी गावात बसून या दोघांनी ही समुद्रकथा लिहिली. ज्याने आयुष्यभर बुडालेली जहाजे पाहिली त्याला जहाज बुडणे हा शेवट वाटत नाही. त्याच्या दृष्टीने तेथे एक दस्तऐवज तयार होतो.

१८०५ साली असे साधन शक्य होते का, हा प्रश्न मला शिक्षकी सवयीने पडला. हॅलीने सतराव्या शतकाच्या अखेरीस पाणघंटेत पिंपांतून हवा पोचवली होती. लेथब्रिजने १७१५च्या सुमारास लाकडी पिंपात स्वतःला बंद करून बुडालेल्या जहाजांवरील माल काढण्याचा धंदा केला. स्मीटनने १७८९ साली घंटेत पंपाने हवा सोडली. १७९७मध्ये ब्रेस्लाउच्या क्लिंगर्टने अंगात घालायचा पाणपोशाख बनवला. डीन बंधूंचे शिरस्त्राण मात्र १८२३ नंतरचे. म्हणजे जॅक आणि त्याचे सोबती ज्या काळात खाली उतरतात तो काळ या शोधांच्या अगदी अधेमध्ये येतो : कल्पना उपलब्ध आहे, साधन अद्याप बाजारात नाही. ॲरिस्टॉटलने संभवनीय अशक्य आणि असंभवनीय शक्य यांत जो भेद केला, त्याचे इतके काटेकोर उदाहरण मला वर्गासाठी आजवर सापडले नव्हते. लेखकांनी जेथे पाय ठेवला ती जागा संभवनीयही आहे आणि शक्यही. आणि वाचताना याचा पत्ताही लागत नाही, कारण नायक इतिहास सांगत बसत नाही, तो गुदमरत असतो.

येथवर आल्यावर मी एक खेळ सुरू केला, जो मी विद्यार्थ्यांना कधीच खेळू दिला नसता. कोणता परिच्छेद कोणाचा? वस्तू जेथे बोलतात, दोर, लाकूड, गाळ, दाब, तेथे पुरातत्त्वज्ञ. आणि एखादे पात्र खोलीत शिरते, क्षणभर थांबते, बोलण्याआधी समोरच्याचे हात पाहते, तेथे नट. हॅकमनने १९७२च्या ‘द पोसायडन ॲडव्हेंचर’मध्ये उलट्या झालेल्या जहाजातून माणसांना वर नेणाऱ्या धर्मोपदेशकाची भूमिका केली होती, तेही मला सोयीस्करपणे आठवले. वयाच्या सोळाव्या वर्षी, वय खोटे सांगून तो नौसैनिकांत भरती झाला होता, तेही. थोड्या वेळाने ध्यानात आले की हा खेळ म्हणजे जिचे गुण मी उत्तरपत्रिकेत कापते ती चरित्रात्मक समीक्षा होय. शिवाय माझ्याजवळ त्याला कसलाही पुरावा नव्हता. कदाचित हातांकडे पाहणारा लेनिहान असेल आणि दोराची गाठ हॅकमनची. दोन माणसांनी मिळून लिहिलेल्या संहितेत शिवण शोधण्याची ही ओढ कोठून येते? मला वाटते, श्रेय कोणाला द्यायचे हे ठरल्याशिवाय आनंद घ्यायला आपण बिचकतो.

दोष नाहीत असे नाही, आणि ते सांगितले नाहीत तर ही नुसती पश्चात्तापाची कबुली होईल. खलनायक केवळ खल आहे. त्याच्या दुष्टपणाला कथानकाची गरज यापलीकडे कारण सापडत नाही. संवादांत कित्येकदा विसावे शतक बोलते. स्त्रिया येतात त्या कोणाची तरी आई, कोणाची तरी आस म्हणून; समुद्रकथेची ही जुनी खोड आहे आणि या लेखकांना ती मोडावीशी वाटलेली नाही. सूडाचा भाग ज्या वळणाने जातो ते वळण अनुभवी वाचकाला पन्नास पाने आधी दिसते. क्यूबाची साखर त्या काळात गुलामांच्या घामावर वाढत होती, हैतीच्या उठावानंतर तर अधिकच. या भीषण पार्श्वभूमीचे वजन कथेला जेवढे जाणवायला हवे होते तेवढे जाणवत नाही. थोर कादंबरी नव्हे. चांगली कादंबरी आहे, आणि ‘चांगली’ या विशेषणासाठी आपल्या समीक्षेने फारशी जागा ठेवलेली नाही, हे मला या निमित्ताने टोचले.

नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या प्रेरणांचा विचार करताना ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ अशा तीन प्रवृत्ती कल्पिल्या. ती मांडणी आम्ही इतक्या वेळा शिकवली आहे की ‘मुक्तामाला’ हे १८६१ साली हळबेशास्त्र्यांनी लिहिलेल्या एका कादंबरीचे नाव न राहता एक शिवी झाली आहे. अद्भुतरम्य म्हणजे पलायनवादी, पलायनवादी म्हणजे बाजारू, या पायऱ्या आम्ही न मोजता उतरतो. परिणामी रंजनपर कादंबरीतही ज्ञान असू शकते, कामाचे, हत्यारांचे, वाऱ्याचे ज्ञान, ही शक्यताच आमच्या अभ्यासक्रमातून हद्दपार झाली. आपल्याला सातशेहून अधिक किलोमीटरचा किनारा आहे. शीड, परबाण, डोलकाठी, नाळ, सुकाणू, तांडेल हे शब्द तेथे जिवंत आहेत. तरी कान्होजी आंग्रे मराठी वाचकाला नीट भेटले ते मनोहर माळगावकरांच्या इंग्रजी पुस्तकाच्या, पु. ल. देशपांड्यांनी केलेल्या अनुवादातून. कोकणावरच्या ज्या कादंबऱ्या मला प्रिय आहेत त्या किनाऱ्यावर उभ्या राहून समुद्राकडे पाहतात. गलबतावर चढलेली मला तरी फारशी भेटलेली नाही. लहानपणी भा. रा. भागवतांनी आणून दिलेला ज्यूल व्हर्न थोरल्या भावाच्या हातून माझ्याकडे येई, तोही ‘ही मुलग्यांची पुस्तकं आहेत’ या शेऱ्यासह. पुढे प्राध्यापक झाल्यावर मी तो शेरा बदलला : ‘ही मुलांची पुस्तकं आहेत.’

आता जे सांगायचे आहे ते मला सुखाचे नाही. काही वर्षांपूर्वी एम.फिल.चा एक विद्यार्थी बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर प्रबंधिका लिहू इच्छित होता. झुंजार आणि काळा पहाड या नायकांच्या वेशांतरांचा त्याला विचार करायचा होता. गिरणगावातील आजोबांकडून त्याला या पुस्तकांचा एक ट्रंकभर साठा मिळाला होता. हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या लेखकाविषयी मराठीत किती थोडे लिहिले गेले आहे, हे त्याने मला मोठ्या उत्साहाने सांगितले. मी त्याला बसवून समजावले की विषय मनोरंजक आहे, पण प्रबंधिकेला तो पेलणार नाही. त्याला सिद्धान्ताचा पाया मिळणार नाही. कॉवेल्टीचा ग्रंथ त्या वेळी माझ्या टेबलावर होता. मी तो त्याला दाखवला नाही. त्याने एका ग्रामीण कवीवर काम केले, वेळेत पूर्ण केले, प्रथम श्रेणी मिळवली. त्या प्रबंधिकेतील एकही वाक्य मला आठवत नाही, आणि वेशांतराविषयी तो तेव्हा दहा मिनिटे जे बोलला ते बरेचसे आठवते.

कादंबरी संपली त्या आठवड्यात मी त्याला फोन केला. तो आता एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. नटाच्या कादंबरीची हकीकत त्याने शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाला, “मॅडम, एक विचारू? तेव्हा तुम्ही अर्नाळकरांचं एखादं पुस्तक वाचलं होतं का?” मी नाही म्हणाले. त्यावर तो काही बोलला नाही. ट्रंक अजून माळ्यावर आहे का, असे मीच विचारले. निम्मी वाळवीने खाल्ली, निम्मी आहेत, असे त्याने सांगितले. आता त्यावर लिहायचे मनात आहे का, या प्रश्नाला त्याने उत्तर दिले नाही, आणि ते मागण्याचा अधिकार मला होता असेही नाही.

परवा टपालाने त्याच्याकडून दोन पुस्तके आली. एक बरे आहे. दुसऱ्याचे मुखपृष्ठ गेले आहे, शीर्षकाचे पानही गेले आहे, मजकूर सतराव्या पानापासून सुरू होतो. त्या पानावर एक माणूस पावसात एका बंद दुकानाच्या फळीखाली उभा आहे आणि रस्त्यापलीकडच्या खिडकीतला दिवा विझण्याची वाट पाहतो आहे. तो कोण, हे अजून कळलेले नाही.